औषधाचा स्टेंट आणि बंद केलेली गोळी

"स्टेंटमध्येच गुठळी झालेली दिसतेय," कल्याणच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या चालू आहेत ना?"

आई आणि मी एकदम "हो" म्हणालो. स्ट्रेचरवर घामाने निथळत पडलेले बाबा म्हणाले, "दुसरी मी बंद केली." छातीत एवढ्या कळा येत होत्या, तरी आवाज असा की घरातला फालतू खर्च वाचवलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती आग अजून विझलेली नाही, म्हणून लिहितेय. तुमच्या घरात कुणाला स्टेंट बसलाय किंवा बसणार आहे, तर हे वाचा.

आम्ही डोंबिवलीचे. बाबांचा एमआयडीसीत पावडर कोटिंगचा छोटा गाळा होता. खिडक्यांच्या ग्रिल, कपाटांचे पत्रे यायचे. ते धुवायचे, वाळवायचे, बंदुकीने त्यावर रंगाची पावडर मारायची आणि भट्टीत भाजायचे. भट्टीतून निघालेला माल बाबा नखाने खरवडून बघायचे. उभा जन्म त्यांनी त्यातच काढलाय.

जिना चढताना त्यांचा जबडा दुखायला लागला. आम्हाला वाटलं दाढ असेल. दातांच्या डॉक्टरांनीच ईसीजी काढायला पाठवलं, म्हणून बरं. ठाण्यात, बाळकुमजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली. अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेला फोटो. एक वाहिनी जवळजवळ बंद होती. तिच्यात ड्रग इल्यूटिंग स्टेंट बसवला. म्हणजे धातूची बारीक जाळी, जिच्यावर हळूहळू झिरपणाऱ्या औषधाचं कोटिंग असतं.

तिथले मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे सगळा लवाजमा. बाबांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काका, मेडिकेटेड स्टेंट टाकलाय, एकदम बेस्ट कोटिंग. आता टेन्शन नाही घ्यायचं." आणि पुढच्या बेडकडे वळले. घरी सोडताना नर्सने गोळ्यांची पिशवी हातात दिली. "ह्या चालू ठेवा," म्हणाली. का, कधीपर्यंत, बंद केल्या तर काय होईल, ते कुणी सांगितलं नाही.

बाबांनी त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला. कोटिंग! भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायचे. सफरचंदं घेऊन आलेल्या शेजाऱ्यांनाही जाळीवर कोट कसा चढवत असतील ते समजावून सांगायचे. आम्हाला बरं वाटायचं. माणूस हसतोय, बोलतोय, अजून काय हवं?

मग त्यांच्या हातांवर काळेनिळे डाग यायला लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. डॉक्टरांना फोन करावा, बायकोला सांगावं, मुलीला विचारावं? छे! त्यांनी धंद्याचं गणित लावलं. एकदा नीट भाजून निघालेल्या कोटावर वरून दुसरा हात मारायचा नसतो, मारला तर साल निघते. औषध आत जाळीवर बसलेलंच आहे, मग वरून आणखी कशाला? आई वाटीत रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या काढून द्यायची. हे एक गिळायचे, दुसरी शर्टाच्या खिशात टाकायचे आणि गाळ्यावर जाऊन फेकून द्यायचे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय म्हणू!

स्टेंट बसवून सहा महिनेही झाले नव्हते आणि एका सकाळी ते गाळ्याच्या दारातच खाली बसले. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने ठाण्याचा नाद सोडायला लावला, "जवळ कल्याण आहे, तिकडंच नेतो," म्हणाला. पत्रीपुलावरच्या गर्दीत आईने बाबांचा हात असा धरला होता की नखं रुतली.

मॅडमनी ताबडतोब वाहिनी मोकळी केली. दुसऱ्या दिवशी आयसीयूत आल्या. मी कडेला उभी होते. बाबांना त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, काम काय करता?"

"पावडर कोटिंग."

"मग तुम्हाला कळेल. जाळी बसवताना वाहिनीला आतून जखम होते. ती भरताना मांस जास्त वाढतं आणि वाट पुन्हा अरुंद होते. त्याला रिस्टेनोसिस म्हणतात. ते होऊ नये म्हणून कोटिंग. पण त्याच कोटिंगमुळे तुमच्या शरीराचं पातळ अस्तरही जाळीवर उशिरा चढतं. तोपर्यंत जाळी उघडी. उघड्या जाळीवर रक्त गोठतं, म्हणून त्या दोन गोळ्या."

"म्हणजे माल कच्चाच होता," बाबा हळूच म्हणाले, "आणि मी भट्टी बंद केली."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

मी बाहेर येऊन ढसाढसा रडले, ते दुःखाने नाही, संतापाने. किती वेळ लागला एवढं सांगायला? चहा निवण्याइतकासुद्धा नाही. ठाण्यात हे कुणी का सांगितलं नाही? बाबा अडाणी म्हणून? त्यांना सगळं कळत होतं, फक्त अर्धंच सांगितलं होतं. आणि बाबांनी विचारलं का नाही? हा राग कुणावर जास्त काढावा, ते मला आजही ठरवता येत नाही.

हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेला, तो मेलाच. बाबांना आता जड ग्रिल उचलता येत नाहीत. गाळा त्यांच्या भागीदाराकडे गेला. हातांवर डाग अजून येतात. मॅडम ते बघतात, रक्त तपासतात, पण गोळी कधी बंद करायची हे एकट्या त्याच ठरवतात. एवढं तुम्हीही विचारून घ्या. डॉक्टर घाईत असले तर त्यांचा कोट धरून विचारा.

परवा तपासणीला गेलो होतो. बाबांच्या शेजारी खाकी शर्टातला एक माणूस बसला होता. बायकोला सांगत होता, "औषधवाला टाकलाय ना, आता गोळ्याबिळ्यांची काय गरज नाय." मी उसळून बोलणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"काम काय करता?" त्यांनी त्या माणसाला विचारलं.

"रिक्षा आहे. आंबिवलीला."

बाबा त्याच्याकडे सरकून म्हणाले, "नवीन रिक्षा आणलेली, तेव्हा पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत कशी चालवलेलीत?"

तेवढ्यात बाबांचं नाव पुकारलं. मी पुढच्या पेशंटला आधी आत जा म्हणून खूण केली.