आजोबांचं आडनाव

बहिणीचा साखरपुडा उरकला, नेरळला पत्रिका छापायला टाकल्या, आणि मग नवऱ्या मुलाच्या चुलत्याला देवक विचारायची आठवण झाली. आणीबाणी नुकतीच उठली होती. जो तो मनातलं बोलायला लागला होता, त्यातलाच हा एक. आमच्या ओटीवर बसून, चहा बशीत ओतत त्यानं वडिलांना विचारलं, "पावनं, तुमचं देवक कंचं?"

"कळंब," वडील म्हणाले.

त्यानं बशी खाली ठेवली. "आमचं बी कळंबच हाय."

आमच्याकडे देवक म्हणजे घराण्याचं झाड. लग्नात त्याची फांदी मांडवाच्या मेढीला बांधायची. ज्यांचं देवक एक ती एका घराण्याची, म्हणजे भाऊबहीणच. दोघांची आडनावं वेगळी, त्यामुळे आधी कुणी खोलात गेलं नव्हतं. मध्यस्थानं माझ्या लग्नात आमच्या मेढीला आंब्याचे टाळे पाहिले होते आणि त्यावरून 'यांचं पंचपल्लव, पाच झाडांच्या पानांचं' असं तिकडे ठोकून दिलं होतं. कळंबाची फांदी टाळ्यांच्या मागे होती. मध्यस्थांना पुढचं तेवढंच दिसतं.

"लगीन मोडायचं आमच्या मनात नाय," चुलता उठताना म्हणाला. "पर देवक एक आसताना पुढं कसं जायाचं? तुमीच कायतरी मार्ग काढा."

म्हणजे अडचण दोघांची आणि मार्ग आम्ही काढायचा. मला त्या माणसाचा असा राग आला की मी त्याला फाटकापर्यंत सोडायलाही गेलो नाही. बहिणीचं आधी एक स्थळ मोडलं होतं. आता दुसरंही मोडलं तर कर्जतपासून वांगणीपर्यंत लोक खोट तिच्यातच शोधणार होते. शिवाय तिला हा मुलगा आवडला होता. तसं ती बोलली नव्हती. पण रसायनीच्या कारखान्याची पाळी कधी सुटते हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आमच्या घरातलं तिथं कुणीही कामाला नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आई वडिलांसमोर येऊन बसली. "सांगा की आता. कवर झाकून ठेवणार हाव?"

वडील अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. शेवटी आईनंच सांगितलं. माझे आजोबा घरजावई होते. खालापूरकडचे, पाताळगंगेकाठच्या एका गावातले. प्लेगात आईबाप गेले तेव्हा ते पोरकं पोर इकडे आलं, आजीच्या वडिलांची गुरं राखून मोठं झालं. त्या घरात मुलगा नव्हता, म्हणून तिथंच जावई होऊन राहिलं. आडनाव सासऱ्याचं लावलं, देवकही सासऱ्याचंच धरलं. कळंब आजीच्या माहेरचं होतं. आमचं नव्हतंच.

मी शाळेत मास्तर. राजांची वंशावळ पोरांकडून छडी घेऊन पाठ करून घेणारा, आणि स्वतःच्या आजोबांचं खरं आडनाव मला माहीत नव्हतं. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उलट सुटल्यासारखंच झालं. कळंब आपलं नाही म्हटल्यावर आडकाठी कसली? उद्या जाऊन सांगून येऊ, असं मी म्हणालो.

"काय सांगू?" वडील म्हणाले. "घरजावयाचा पोर हाय म्हनून?" झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं जन्मभराचं धोरण होतं. गावच्या होळीला पहिला नारळ आमच्या घराचा, आणि तो मान त्या आडनावाचा होता. मग मला सुचलंच नव्हतं असं काही ते बोलले. "माझा बाप खालापूरकडचा, त्याचं मूळ आडनाव मला बी ठावं नाय. पावनं बी खालापूरचं. बाप त्यांच्यातलाच निघाला तर?"

आतापर्यंतचं भांडण झाडाचं होतं. आता ते खऱ्या रक्ताचं झालं.

आजोबांच्या गावात जाऊन विचारावं, तर जमिनी कारखान्यांना गेल्यावर तिथली माणसं पांगली होती. उरलं खालापूरच्या कचेरीतलं जुनं दप्तर. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तिथं असतात, एवढं मला ठाऊक होतं. मी निघालो तेव्हा बहीण दारात आली.

"दादा, नको शोधू रं. कायतरी सापडलं तर?"

"काही सापडत नाही," मी म्हणालो. ते बोलताना काय सापडायला हवंय हेच मला कळत नव्हतं. एसटीत बसल्या बसल्या कधी वाटे आडनाव मिळावं, कधी वाटे त्या दप्तराला वाळवी लागलेली असावी.

दप्तर मोडीत होतं आणि मोडी मला येत नव्हती. तिथले म्हातारे कारकून वैतागलेले होते, पण वाचून द्यायला तयार झाले. आजोबांच्या वडिलांचं नाव वडिलांना माहीत होतं, तेवढ्यावर शोध सुरू झाला. कारकून बोट ओळीवरून सरकवत आणि पुटपुटत. त्यांच्या तोंडून आता नवऱ्या मुलाचं आडनाव बाहेर पडणार, असं मला प्रत्येक ओळीला वाटत होतं.

"हं. मुलगा. बापाचं नाव तुम्ही म्हणता तेच. जात, गाव बरोबर."

"आडनाव?"

"तेव्हा आडनाव कोण लिहीत होतं? मुलाचंसुद्धा नाव नाही, बघा. नुसतं पुरुष." त्यांनी पान उलटलं. "हा आणखी एक. बापाचं नाव तेच. आणि हा तिसरा. यातला तुमचा आजोबा कुठला, ते तुम्हीच ठरवा."

मी त्या तीन ओळींकडे पाहत राहिलो. काही सापडलं नाही म्हणून आधी हायसं वाटलं. मग कचेरीच्या पायऱ्या उतरताना भीती परत आली, कारण आजोबा त्यांच्यातले नव्हते असंही ते दप्तर म्हणत नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. वडिलांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून ते म्हणाले, "चल." मुलाच्या घरी त्यांची भावकी जमली होती. त्या सगळ्यांसमोर वडील उभं राहून बोलले. "माझा बाप घरजावई व्हता. कळंब आमचं नाय. आमचं कंचं, ते मला ठावं नाय." मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

चुलत्यानं शांतपणे आजोबांचं गाव विचारलं. वडिलांनी सांगितलं.

"त्या गावात आमची बी घरं व्हती," तो म्हणाला. "मग तुमचा बाप आमच्यातला नवता कशावरनं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला मुलगा, पण माझ्याजवळ होत्या त्या बिनआडनावाच्या तीन ओळी. लग्न मोडलं, असं मी मनाशी धरलं.

तेवढ्यात आतून मुलाच्या आजीचा आवाज आला. "मामाच्या वटीत घाला पोरीला. मामानं कन्यादान करावं, मेढीला मामाचं देवक बांधावं. मामाची पोर झाली म्हंजी मग कुनाचं काय?"

सगळ्या माना हलल्या. ही जुनीच वाट होती आणि तीच कुणाला आठवली नव्हती. माझा टांगणीला लागलेला जीव भांड्यात पडला. वडील एवढंच म्हणाले, "चालंल."

वैशाखात आमच्याच दारात मांडव पडला. मेढीला मामाच्या घरचं उंबर बांधलं. भटजी नेरळचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि त्यांनी पाट मांडून हाक दिली, "मुलीचे वडील कोण? पुढे या, कन्यादानाला बसा."

वडील सवयीनं अर्धे उठले होते. मामा त्यांच्या शेजारी अवघडून उभा होता, त्याचा पाय पुढे पडेना. सगळा मांडव त्या दोघांकडे बघत होता, बहीणही. वडिलांनी मामाच्या पाठीवर हात ठेवला, त्याला हळूच पुढे ढकललं आणि भटजींना म्हणाले, "हे हायत मुलीचे वडील."