ओकिनावाचं गाणं आणि पिठोरीचं वाण

पोळ्याच्या दिवशी दुपारी माझ्या धाकट्या भावानं घरच्या ग्रुपवर एक गाणं टाकलं. तो जपानात नोकरीला असतो. खाली लिहिलं होतं, ‘ओकिनावातल्या रॉक बँडचं आईवरचं गाणं. ऐकून रडलो. आईला ऐकव.’ लगेच मावशीचे जोडलेले हात, आत्याचं ‘असा लेक सगळ्यांना मिळो’. माय वं! आईसाठी रडायला याला ओकिनावापर्यंत जावं लागलं. इथे उमरखेडला तिचा खुबा मोडला तेव्हा ‘सुट्टी नाही’ म्हणून मोकळा झाला होता.

गाणं वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू? गिटार, ड्रम, मधूनच कुठलं तरी तीन तारांचं वाद्य, आणि गाणाऱ्याचा गळा भरून आलेला. आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी पदर डोळ्यांना लागलाच.

“मह्यासाठी धाडलं पोरानं,” म्हणाली. तिला रोज मी उठवते, न्हाऊ घालते, शाळेत शिकवून धावतपळत येऊन जेवू घालते. त्यावर कोणत्या बँडनं गाणं केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पोळ्याच्याच संध्याकाळी आमच्याकडे पिठोरी असते. आई खीरपुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते आणि वळून न बघता विचारते, “अतीत कोन?” म्हणजे वाण घ्यायला पाहुणा कोण आलाय. मागे बसलेला लेक “मी” म्हणतो आणि ताट घेतो. लेकाच्या आयुष्यासाठीचं व्रत ते, आमच्या घरात लेकी मागे बसत नाहीत. यंदा भावानं फोनवरूनच “मी” म्हणायचं ठरलं होतं. आठवडाभर आईला दुसरा विषय नव्हता. “आवाज आयकू येईन ना वं त्याचा?” हेच सारखं.

बैलं पूजा घेऊन घरोघरी परतली. मी खीर केली, पुऱ्या तळल्या, आईला नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं आणि मागे स्टुलावर फोन ठेवला. लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. मग मेसेज आला, ‘मित्रांसोबत बाहेर आहे ताई. गाणं लाव ना, त्यात सगळं आलं.’

असं डोकं फिरलं माझं! पण आईनं तोवर ताट वर नेलं होतं.

“अतीत कोन?”

ताट एका बाजूला कलायला लागलं.

“अतीत कोन, बाबू?”

खीर ताटाच्या काठाला आली. मला राहवलं नाही. “मी,” म्हणाले आणि दोन्ही हातांनी ताट धरलं.

आईनं सोडलं नाही. “तू काहून? सोड वं. पोराचं वाण हाय ते.”

तिनं ते माझ्याकडूनच झाकून देवापाशी ठेवून घेतलं. मी न जेवता पडून राहिले. एवढा संताप, की भूकच मेली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन आला, मी आईला स्पीकरवर लावून दिला. “आवडलं का गाणं, आई?”

“लय गोड, बाबू. जीव निवला.”

“अन् वाण कोणी घेतलं?”

मी तिच्या पाठीमागेच मोरीत आंबलेली खीर ओतत होते.

“कोनी नाई रे,” आई म्हणाली. “घरात कोन होतं घ्याले?”