खालच्या शेताला गेलेली मुळं

मका गुडघ्याएवढा झाला होता आणि नेमकं तेव्हाच मी तोंड उघडलं.

रोकोवीमामा शेताच्या कडेला बसून खालच्या शेताकडे टक लावून बघत होता. खालचं शेत त्याच्या धाकट्या भावाचं, नेइसालीमामाचं. दोन्ही शेतं एकाच उतारावर. मधल्या बांधावर त्यांच्या आजोबांनी लावलेलं आल्डरचं झाड, वाटणीत रोकोवीमामाकडे आलेलं. गेल्या हिवाळ्यात नव्या फांद्या फुटाव्यात म्हणून त्याचं डोकं छाटून आम्ही वर दगड ठेवला होता, चिखलानं लिंपलं होतं, आणि आता दगडाच्या भोवतीनं नवे फुटवे निघाले होते.

"बी एकच, पेरलं एकाच दिवशी," मामा म्हणाला. "त्याचा मका काळाभोर आणि माझा कावीळ झाल्यासारखा. असं का?"

मला गप्प बसता आलं असतं. पण कोहिमाच्या शाळेत मला जे थोडंफार कळलं, त्यातलंच हे होतं. मी सांगून टाकलं, की आल्डरच्या मुळांना गाठी असतात, त्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते हवेतून खत ओढून झाडाला देतात आणि झाडाकडून ते मातीला मिळतं. "आणि याची मुळं उताराकडे गेलीत, मामा. पानंही घरंगळत खालीच जातात."

"म्हणजे झाड माझं," मामा सावकाश म्हणाला, "आणि जेवतो तो."

हा माणूस जन्मभर जळत आला होता. आमच्याकडे आईबापांचं घर धाकट्याला जातं. ते गेलं, त्याचं एक वेळ सोडा. पण चर्चमध्ये नेइसालीमामाचा आवाज वर लागला की हा पुढच्या ओळीला त्याच्याहून वर जाई आणि सगळं गाणं फाटे. धाकट्याला खोकला झाला, तर हा घरात बसून खोकून बघे. त्याची बायको, केझानोमामी, एकदा म्हणाली होती, "याच्या भावाला उद्या वाघानं खाल्लं, तर हा म्हणेल, मला का नाही विचारलं?"

या सगळ्यात त्याच्याकडे एकच गोष्ट होती जी भावाकडे नव्हती: तो आल्डर. त्याच्या फांद्या जाड झाल्या की त्यांच्या वाशांवर नवं घर उभारायचं, बापाच्या घरापेक्षा दोन हात उंच. हे साऱ्या गावाला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मामा झाडाच्या खालच्या अंगाला चर खणताना दिसला.

"काय चाललंय?" मामीनं विचारलं.

"मुळं तोडतोय. उधारी बंद."

"अरे, पाऊस तोंडावर आलाय."

"पाऊस दोघांवर सारखा पडतो. खत का सारखं पडत नाही?"

तुटलेल्या मुळांवर नारिंगी गाठी होत्या, आल्याच्या कोवळ्या कोंबांसारख्या गुच्छागुच्छानं. मामानं त्या टोपलीत वेचल्या आणि आपल्या बटाट्यांखाली पुरल्या. मी म्हटलं, "मामा, झाडापासून तुटल्यावर त्या चालत नाहीत." तो म्हणाला, "तू आता शिकवणं बंद कर."

पाऊस आला. दोन दिवसांनी सकाळी बघतो तो चराच्या जागी बांधच नव्हता. उताराला धरून ठेवणारी मुळं मामानं स्वतःच तोडली होती. वरच्या शेताची कड सगळी सुटून नेइसालीमामाच्या मक्यात जाऊन बसली होती. आल्डर कलला होता, वरच्या अंगाच्या मुळांवर कसाबसा टेकून.

मामानं सुटलेल्या कडेशी येऊन खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "आता मातीपण त्यालाच."

नेइसालीमामा आला. मोडलेल्या मक्याकडे त्यानं बघितलं, चराच्या उरल्या टोकाकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. "दादा," तो म्हणाला, "झाड पडलं तर वाशांसाठी माझ्याकडे येशील. मला ते परवडणार नाही. टोपली आण."

त्यानं आधी झाडाला टेकू दिला, मग दगडांची भिंत रचली. मग आम्ही सगळे कपाळाला पट्टा अडकवून पाठीवरच्या टोपल्यांतून माती वर नेऊ लागलो. मामा मध्येच थांबून भिंतीवर हात फिरवत होता. "माझ्या भिंतीपेक्षा सरळ झालीये," तो मला हळूच म्हणाला, आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला.

शेवटची टोपलीभर माती खालीच राहिली. नेइसालीमामा म्हणाला, "पाठ गेली माझी. उद्या."

तो 'उद्या' काही उजाडला नाही. पुढच्या वर्षी त्या ढिगाऱ्यात आल्डरचं रोप उगवलं; घसरलेल्या उघड्या मातीवर ते आपोआप येतं. आता नेइसालीमामा म्हणतो, माती हलवली तर रोप मरेल.

कललेला आल्डर जगला. फुटवे मनगटाएवढे झालेत, घर अजून लांब आहे. मामा रोज बांधावर येतो, आधी आपले फुटवे बघतो, मग वाकून खालचं रोप.

"केवढं झालं?" मी विचारतो.

"जास्तच झालंय," तो म्हणतो. "माझ्या मातीवर. एक टोपली देणं लागतो तो मला, लक्षात ठेव."