चौकोनांतली पाठ

काशीराम मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा निवृत्ती अजून लांब होती. रत्नागिरीच्या त्या शाळेतले हाडांचे, स्नायूंचे, हृदयाचे सगळे तक्ते मास्तरांच्याच हातचे. आता फळ्यावर साधा खांदा काढायचा तरी रेघ भरकटे. "तुम्हीच काढा रे, मी बघतो," असं मुलांना सांगून ते हात खिशात घालत. मुख्याध्यापकांना कळलं तर चित्रकला काढून घेतील आणि ग्रंथालयात बसवतील, ही धास्ती दिवसभर पाठ सोडत नसे. तिनेच ते जास्त थकत.

सत्याऐंशी साली शाळेत संगणक आला. विज्ञानाच्या रझियाबाई मिरकरवाड्याच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "मास्तर, आलेखाच्या कागदावर चित्र काढा. भरलेला चौकोन म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. आकडे मुलं घालतील, चित्र पडद्यावर येईल."

चौकोन भरायला स्थिर हात लागत नाही. मास्तरांना धीर आला. शाळेच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं की हाताचं कुणी विचारणार नव्हतं.

चित्रासाठी त्यांनी बायकोची पाठ निवडली.

"पाठ?" राही म्हणाली. "तोंड काय वाईट आहे माझं?"

"तोंडाला रेघ लागते गं."

"आणि लोकांनी ओळखलं म्हणजे?"

"पाठीवरून कोण ओळखतंय?"

"तुम्ही तरी ओळखाल ना?" असं म्हणत ती पाटावर पाठमोरी बसली.

शाळेत जाण्याआधी रोज थोडं थोडं करून मान झाली, खांदे झाले. मग सहामाही परीक्षा आली आणि सकाळ हातची गेली. उरलेली पाठ आणि कंबर मास्तरांनी संध्याकाळी दिव्याखाली भरली. राही दिवसभर भात झोडून आलेली असे. बसल्या बसल्या डुलक्या घेई. मास्तरही जांभया देत चौकोन भरत.

पडद्यावर चित्र उमटलं. रझियाबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"मास्तर, ही बाई एकच आहे ना? वरची आत्ता न्हाऊन आल्यासारखी, आणि खालची आता उठायचीच नाही."

खरंच होतं. खांदे ताठ, आणि त्यांच्याखाली पाठ डावीकडे घसरलेली. मास्तर खुर्चीत बसले. हाताची चूक असती तर बरं, असं त्यांना वाटलं. पण हाताने या वेळी दिसलं तेच भरलं होतं. इतकी वर्षं ते पुस्तकातली शरीरं काढत आले होते. घरातलं आत्ता पाहिलं.

प्रदर्शनाला राही आली. पडद्यापुढे उभी राहिली.

"चुकलंय," मास्तर पुटपुटले. "वरची तू सकाळची, खालची संध्याकाळची."

"चुकलं कुठे? अशीच असते मी." तिने पुन्हा निरखून पाहिलं. "मधली दुपार तेवढी नाही."

दुपारी मास्तर कधी घरी नसतच.

सोमवारी त्यांनी आपणहून मुख्याध्यापकांपुढे हात धरला. तो थरथरत होता. मुख्याध्यापक म्हणाले, "ग्रंथालय बघा. सकाळपुरतंच."

दुपारी मास्तर आलेखाचा कोरा कागद घेऊन घरी आले. राही पडवीत भिंतीला टेकून झोपली होती. पाठ दिसतच नव्हती. त्यांनी कागद गुंडाळून ठेवला आणि तिच्या शेजारी, त्याच भिंतीला, तेही टेकले.