मामा चुकीच्या दाराने बसले

आमचे मामा ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, म्हणजे जन्मभर चालकाच्या शेजारी बसून ओरडत आले आहेत. त्यांच्या पायाशी जादा ब्रेक असतो, म्हणून सगळे त्यांना ब्रेकमामा म्हणतात.

अशा माणसाचं लायसन्स निलंबित झालं, तेही स्कूटरमुळे. रस्त्यात शेजारच्या गाडीवाल्याने इंडिकेटर दिला नाही की मामांच्या अंगाचा तिळपापड होतो. मग सिग्नलला त्याला झापायला ते स्कूटर पुढे काढतात, थेट रेषेपलीकडे. कॅमेऱ्याने हे तीनदा टिपलं. तिन्ही फोटोंत मामांचं बोट वर!

"मुदत संपली की आपोआप परत मिळतं," मामा निवांत होते. पूर्वी मिळायचंही. आता नियम बदललाय, हे मामीने सांगितलं. मुदत संपली तरी फेरप्रशिक्षण घ्यायचं, पुन्हा चाचणी द्यायची, आणि तोवर शिकवायचं नाही. झालं, स्कूलला टाळं लागलं.

प्रशिक्षणाचा वर्ग त्यांनी कसाबसा पार पाडला. शिकवणाऱ्यालाच दोनदा गप्प बसवलं. पण चाचणीच्या सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. मी कित्येक वर्षांत गाडी चालवलीच नाहीये गं. नुसती थांबवलीये."

हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

परीक्षक निघाला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याचा पाय क्लचवरून निघतच नसे, म्हणून मामांनी त्याचं नावच 'क्लच' ठेवलं होतं. आता अंगावर गणवेश, ओठांवर झुपकेदार मिशी.

मामांनी स्कूलच्याच गाडीचं दार उघडलं, ऐटीत बसले, पट्टा लावला. शेजारच्या सीटवर! सवयच ती.

"बघत काय उभा राहिलास? बस!"

आणि क्लच चक्क स्टिअरिंगवर बसला. "आरसा बघ," मामा म्हणाले. त्याने बघितला. "निघ." तो निघाला. मैदानाची अख्खी फेरी झाली. "गिअर काय तुझे वडील टाकणार?" हे मला कुंपणापर्यंत ऐकू आलं.

"अजून आठवडाभर येत जा," परतल्यावर मामांनी निकाल दिला.

"हो मामा," क्लच म्हणाला. मग त्याची नजर स्वतःच्या गणवेशावर गेली आणि तो कानापर्यंत लाल झाला.

जागा बदलल्या. चढावर इंजिन बंद पडलं, गाडी मागे घरंगळली, मामांचा पाय भलतीकडेच ब्रेक शोधत राहिला. शेवटी क्लचने आपल्या बाजूचा दाबला.

"नापास, मामा," तो खाली मान घालून म्हणाला. "मला ब्रेक दाबावा लागला. पुढच्या महिन्यात या."

परतताना गाडी मीच चालवत होते आणि माझं डोकं नुसतं फिरलं होतं. "इतकं शिकवलंत त्याला! जरा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं?"

मामा काचेबाहेर बघत होते. मला वाटलं, आता रडतात.

"हा मला विचारल्याशिवाय हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही," ते म्हणाले. "आज मला तोंडावर नापास केलं." त्यांनी रुमालाने डोळे पुसले, चेहरा मात्र पेढे वाटायला निघाल्यासारखा. "आता शिकला गं गाडी."