टाचणीखालचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवत होतो, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मामांची नोकरी माझ्यामुळे गेली.

मामा साताऱ्याकडचे, हंगामी नोकरीवर होते. सोललेल्या बटाट्यात खळगा करून ते साखरेचं पाणी भरत, पातळीवर टाचणी टोचत आणि बटाटा साध्या पाण्यात ठेवत. मग हनुवटी टेबलाला टेकवून बघत बसत. बाहेरचं पाणी पेशींच्या पडद्यांतून आत शिरून टाचणीच्या वर आलं, की म्हणत, "प्याला बगा, सर. जित्ता हाय."

परीक्षेच्या सकाळी उशीर झाला होता. सालं पटकन निघावीत म्हणून मी बटाटे उकडून घ्यायला सांगितले.

मामा घुटमळले. "मेलेला बटाटा पाणी वढत न्हाई, सर."

"मामा, शिकवायचं काम माझं. तुम्ही टाका."

दोन तासांनी एकाही बटाट्यातलं पाणी चढलं नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे उकडले कुणी?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी उत्तरपत्रिका चाळत राहिलो.

"म्या उकाडलं," ते म्हणाले.

त्यांना पुढल्या सोमवारी कामावर घेतलं नाही. जाण्याआधी त्यांनी सगळ्या टाचण्या पुसून डबीत ठेवल्या होत्या. कोपरखैरण्यात त्यांच्या गल्लीपर्यंत मी एकदा गेलो आणि तिथूनच परतलो. पुढे ते कुठे गेले, कळलं नाही.

"उकडायला मी सांगितलं होतं," एवढं वाक्य मी त्यांचं देणं लागतो.