जोडणी दोन वाजता लागेल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. नारायण पेठेत रोज गाडी लावायला जागा शोधणाऱ्या बाईला घाबरायला वेगळं भूत लागत नाही. आमच्या घरी अमावस्येला नखं कापतात आणि मांजर आडवं गेलं तर मांजरालाच ओरडतात. त्यामुळे खालचं वाचून ‘बाईंना विश्रांतीची गरज आहे’ असं ज्यांना वाटेल त्यांनी रांगेत उभं राहावं... पहिला नंबर माझ्या नवऱ्याचा आहे.

मी शाळेत इतिहास शिकवते. वय सत्तेचाळीस. सात वर्षं पीएचडी करत होते — विषय, कसबा पेठेतल्या तांबटांची हत्यारं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध अपलोड झाला नाही तर नोंदणी रद्द. सात वर्षं पाण्यात. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात कशाला, असं कृपया विचारू नका. नवऱ्याने विचारलं होतं, त्याला त्या दिवशी पोहे मिळाले नाहीत.

आता अडचण ऐका. अपलोडचं पान फक्त विद्यापीठाच्या नेटवर्कवरच उघडतं. प्रबंधात इतके फोटो की फाइल मेलने जाईना. विभागातल्या संगणकांना पेन ड्राइव्ह लावावा, तर कधीतरी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला म्हणून सगळ्या भोकांवर चिकटपट्टी लावून वर विभागाचा शिक्का मारलेला! वायफाय त्या दगडी भिंतींतून येत नाही. म्हणजे स्वतःचा लॅपटॉप वायरने जोडणं हाच मार्ग, आणि त्यासाठी फॉर्म. दोन प्रतींत.

विभागप्रमुखांची सही मिळवून मी नेटवर्कच्या खोलीशी पोचले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दाराला कुलूप आणि पाटी — ‘जेवणाची वेळ १ ते २. दार वाजवल्याने जेवण लवकर संपत नाही.’ खाली बारीक अक्षरात, ‘अर्ज दिल्यापासून आठ दिवस लागतील.’

आठ दिवस!

परत विभागात आले. विभागाचे शिपाई गायकवाड मामा म्हणाले, “मॅडम, जुन्या सामानाच्या खोलीत बसा, तिथं एक सॉकेट हाय.” दाराजवळच्या सॉकेटमध्ये वायर खोचली. लॅपटॉप ढिम्म. बाजूच्या टेबलावर एक जुना, पिवळट पडलेला टेलिफोन होता आणि त्यावर चिठ्ठी, ‘संगणक जोडणी — ३१७’. बुडत्याने काडी धरावी तसा मी नंबर फिरवला. जरा खरखर झाली आणि कुणीतरी उचलला.

“बोला.”

“संगणक जोडणी का?”

“नाही, मंगल कार्यालय. ३१७ फिरवल्यावर दुसरं कोण उचलणार? लिमये बोलतोय.”

“अहो लिमये, माझा लॅपटॉप जोडायचाय, आज पाचच्या आत—”

“जेवणाची वेळ आहे.”

“मग फोन उचललात कशाला?”

“वाजला म्हणून.”

माझं डोकंच फिरलं. मी त्या माणसाला सात वर्षं, दोन मुदतवाढी, आठ दिवसांची पाटी सगळं एका दमात ऐकवलं आणि शेवटी चक्क रडायला लागले. मी... जिला वर्गात पाहून नववीची पोरं गप्प होतात!

पलीकडून आवाज आला, “डोळे पुसा. फॉर्म निळ्या शाईत आहे ना?”

“हो.”

“सात नंबरचा रकाना कोरा आहे. भरा.”

पाहिलं तर खरंच कोरा! तेव्हा वाटलं, सगळेच तो विसरत असतील. मग त्यांनी लॅपटॉपचा क्रमांक वाचायला लावला. “बी की डी? नीट बोला, बाई. वायर कुठे खोचलीत?”

“दाराजवळ.”

“ते उंदरांनी खाल्लंय. कपाटामागे बघा. फॉर्म टेलिफोनखाली ठेवा. जोडणी दोन वाजता लागेल.”

“आत्ताच नाही का...”

“एक ते दोन जेवण.”

“बरं बरं. तुमचे आभार कसे—”

“लेखी. दोन प्रतींत.” फोन बंद.

फॉर्मच्या दोन्ही प्रती टेलिफोनखाली ठेवल्या आणि मामांना हाक मारली. “हे कपाट मी नोकरीला लागल्यापासून हललं न्हाई,” ते म्हणाले, पण दोघांनी मिळून ढकललं. मागे जळमटांत एक सॉकेट होतं. वायर खोचली आणि मी घड्याळाकडे बघत बसले. मामाही बसले. दोनचा ठोका पडला आणि हिरवा दिवा लागला. मी इतक्या जोरात ओरडले की मामांच्या हातातला चहा सांडला. दोन चाळीसला प्रबंध जमा झाल्याची पोच स्क्रीनवर आली.

लगेच पेढे घेऊन नेटवर्कच्या खोलीत गेले. तिथे सायली नावाची मुलगी बसली होती. म्हटलं, “लिमयांना द्यायचेत.”

“लिमये सर? मॅडम, ते मी जॉइन व्हायच्या आधीच गेले.”

“कुठे?”

“वर.”

मी म्हटलं, काहीतरीच काय! तिने लॅपटॉपचा क्रमांक विचारून नोंद उघडली. जोडणीची वेळ बरोबर दोन. मंजुरी देणारा — लिमये. “हे अकाउंट तर कधीचं बंद आहे...” ती पुटपुटली आणि तोंडाशी नेलेला पेढा तिने परत बॉक्समध्ये ठेवला. इंटरकॉमसुद्धा केव्हाच काढून टाकलाय म्हणे.

धावत सामानाच्या खोलीत आले. टेलिफोन उचलला. त्याची वायर हातभर लांब होती आणि शेवटी नुसतीच गुंडाळून रबर लावलेला. खाली फॉर्मची एकच प्रत. तिच्यावर ‘मंजूर’चा शिक्का, निळी सही, वेळ एक चाळीस आणि शेरा — ‘पान २१२ वरील फोटो उलटा आहे.’

एक चाळीसला माझा लॅपटॉप नेटवर्कला जोडलेलाच नव्हता.

मामांवर संशय घेतला, लपवत नाही. ते म्हणाले, “मॅडम, तुमची हत्यारं सुलटी धरली तरी मला कळत न्हाईत.” पान २१२ उघडलं. ऐरण उलटी. सात वर्षांत मला, माझ्या मार्गदर्शक बाईंना, कुणालाच दिसली नव्हती!

तोंडी परीक्षेनंतर अंतिम प्रतीत ऐरण सरळ केली आणि ऋणनिर्देशात लिमयांचं नाव घातलं. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “हे कोण?” म्हटलं, “नेटवर्कचे.” खोटं नाही बोलले.

याचा खुलासा माझ्याकडे नाही. नवऱ्याकडे तीन आहेत, तिन्ही चुकीचे. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली होती. त्या माणसामुळे माझी सात वर्षं वाचली आणि मी साधं थँक्यू म्हटलं नव्हतं. म्हणून अंतिम प्रत द्यायला गेले त्या दिवशी आभाराचं पत्र लिहिलं, दोन प्रतींत, आणि टेलिफोनखाली ठेवून आले. स्वतःवर हसत हसतच ठेवलं.

पुढच्या आठवड्यात काही कागद आणायला गेले, तेव्हा सहज डोकावले. टेलिफोनखाली एकच प्रत होती. शिक्का, सही, वेळ दोन वाजून पाच मिनिटं. पर्समध्ये त्या दिवशी काळंच पेन सापडलं होतं, म्हणून पत्र काळ्या शाईत लिहिलं होतं. शेरा होता — ‘आभार पोचले. शाई निळी हवी होती.’